शंभर बाय चौसष्ट: नवी मुंबईतल्या एका छोट्या क्लबच्या मैदानाचं प्रकरण

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. २०२२ मध्ये तिथेच महिलांच्या आशियाई स्पर्धेचे सामने झाले आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. तिथून रिक्षानं वीस मिनिटांवरच्या एखाद्या नोडमधला (नवी मुंबईच्या उपनगरांना नोड म्हणतात) क्लब वर्षभर फुटबॉल खेळतो, पण लीगचा घरचा सामना घरी घेऊ शकत नाही. मैदान आहे, ते लीगच्या मान्यतेत बसत नाही.

हे दुखणं फक्त छोट्यांचं नाही. मुंबई एफसी हा आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमधला क्लब होता, पण काही हंगाम त्याला घरचे सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. पुढे २०१७ मध्ये तो आय-लीगमधून खाली गेला. महिंद्रा युनायटेड त्याआधीच २०१० मध्ये बंद झालेला होता, आणि त्याच्या पाठीशी तर बडी कंपनी होती. ज्या क्लबला कंपनी नाही, त्याच्याकडे टिकण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जागा.

खाडीकाठच्या नोड्समध्ये अशी मैदानं एकाहून जास्त आहेत. त्यांच्या नेहमीच्या अडचणी इथे एका क्लबवर आणि एका मैदानावर आणून मांडल्या आहेत. मापंही त्याच नमुना-मैदानाची. हिशेब मात्र कुठल्याही मैदानाला लावून पाहता येतील.

क्लब आणि जागा

मोठ्यांच्या संघात २४ खेळाडू. कोणी बँकेत, कोणी जिममध्ये शिकवणारा, गोलकीपर कुरिअरच्या गोदामात रात्रपाळीला. पगार कोणालाच नाही; सामन्यामागे ठरलेले पैसे, प्रवासखर्च आणि हंगामाला एक जोडी बूट. आपल्याकडे अर्धव्यावसायिक म्हणतात ते हेच. शिवाय ८ ते १६ वयाची १४० मुलं सरावाला येतात आणि त्यांच्या महिन्याच्या फीवर मोठ्यांचा संघ चालतो. हे उघडपणे कोणी बोलत नाही, पण जमाखर्चाची वही उघडली की पहिल्या पानावरच दिसतं.

मैदान एका शाळेचं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळानं भाडेपट्ट्यानं दिलेल्या भूखंडावर शाळा आणि तिला लागून मैदान. शाळा सुटल्यावर संध्याकाळी क्लब. भिंतीपासून भिंतीपर्यंत ११२ मीटर लांब, ७४ मीटर रुंद. खाली भरावाचा मुरूम, त्याखाली खाडीची चिकण माती. गवत कडेला, मधे धूळ.

क्लबनं त्यावर १०५ बाय ६८ चं मैदान आखलं होतं. टीव्हीवर दिसतं ते हेच माप, मोठ्या स्पर्धांना फिफा हेच मागते. मान्यतेसाठी पाहणीला आलेल्या माणसानं टेप काढली आणि पहिल्या दहा मिनिटांतच शेरा लिहिला: गोलरेषेपासून भिंत साडेतीन मीटरवर, बाजूच्या रेषेपासून तीन मीटरवर. कडेनं पूर्ण वेगात धावणारा खेळाडू, म्हणजे विंगर, सेकंदाला सात-आठ मीटर जातो. म्हणजे रेषा ओलांडल्यावर भिंत येईपर्यंत अर्धा सेकंदसुद्धा नाही.

बाकीचे शेरे असे: गोल जमिनीत पक्के नाहीत आणि आतलं माप कमी आहे, पूर्वेकडच्या गोलपुढे खळगा, पंचांना स्वतंत्र खोली नाही, रुग्णवाहिका मैदानापर्यंत येऊ शकत नाही, आणि जागेच्या वापराचा कागद फक्त अकरा महिन्यांचा. या यादीत गवताचा उल्लेख शेवटी, तोही एका ओळीत. क्लबच्या बैठकीत मात्र चर्चा सुरू झाली ती गवतापासून. ‘टर्फ टाकलं की प्रश्न मिटेल,’ असं सगळ्यांचंच मत.

टर्फ का नको

कृत्रिम टर्फला विरोध असण्याचं कारण नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानाला ते आहे, आणि त्यावर आठवड्याला चाळीस तास खेळलं तरी ते खेळ सहन करतं. मातीवरच्या साध्या गवताला सहा ते आठ तास झेपतात. आकडे इतके उघड असताना कोणीही टर्फकडेच झुकेल.

अडचण अशी की टर्फ हा गालिचा आहे आणि गालिचा जमीन सपाट करत नाही. प्रमाणपत्र देताना तीन मीटरची सरळ पट्टी अंथरून बघतात. पट्टीखाली दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. दोन मीटरवरून चेंडू सोडतात. तो ६० सेंटिमीटर ते एक मीटर एवढाच उसळायला हवा. खालचा भराव खचला की दोन्ही चाचण्या हातच्या जातात. फिफाचं साधं ‘क्वालिटी’ प्रमाणपत्र तीन वर्षांचं, वरचं ‘क्वालिटी प्रो’ एकाच वर्षाचं. दर वेळी नवी चाचणी, नवा खर्च. नवी मुंबईतला खाडीवरचा भराव एकसारखा खचत नाही. कुठे काहीच नाही, कुठे चार वर्षांत हातभर.

दुसरं म्हणजे भरण. पन्नास-साठ मिलिमीटर पात असलेल्या टर्फमध्ये चौरस मीटरला साधारण १५ किलो वाळू आणि १० किलो रबराचे दाणे घालतात. या जागेत साडेसात हजार चौरस मीटर टर्फ बसेल. म्हणजे ११२ टन वाळू आणि ७५ टन रबर. पाण्याचा निचरा नसलेल्या जागी पहिल्याच मोठ्या पावसात रबर तरंगतं, गटारात जातं आणि तिथून खाडीत. युरोपीय संघानं अशा सुट्या प्लास्टिक-रबर दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी घालायचं ठरवलं आहे, ते याच गळतीमुळे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काळ्या दाण्यांचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, हा भाग वेगळाच. मुलांची उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात.

आणि अकरा महिन्यांचा कागद हातात असताना आठ-दहा वर्षं टिकणारी वस्तू दुसऱ्याच्या जमिनीत पुरायची, याला काय म्हणावं?

म्हणून निर्णय असा झाला: आधी रेषा, मग पाणी, मग गोल, मग माती. टर्फचा विषय करार लांबल्यावर.

रेषा आत घेतल्या

खेळाच्या पहिल्या नियमात लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर एवढी मोकळीक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यालाही १०० बाय ६४ चालतं. फिफाला मोठ्या स्टेडियममध्ये कडेच्या पट्ट्यासह १२५ बाय ८५ मीटर जागा लागते. ती या भूखंडात कधीच बसणार नाही, तेव्हा तिचा विचार करण्यात अर्थ नव्हता. मैदान १०० बाय ६४ केलं. दोन्ही गोलांमागे सहा-सहा मीटर मिळाले. बाजूंना पाच-पाच मीटर निघत होते, पण मैदान एक मीटर सरकवून एका बाजूला चार आणि राखीव खेळाडूंच्या बाकांच्या बाजूला सहा ठेवले. बाकांपुढची आखलेली जागा बाजूच्या रेषेपासून एक मीटर दूर थांबायला हवी. पाच मीटरमध्ये बाक, माणसं आणि धावणारा सहाय्यक पंच यांची गर्दी झाली असती.

क्लबच्या काही जुन्या खेळाडूंना हे पटलं नाही. मैदान लहान केलं म्हणजे दर्जा उतरला, असं त्यांना वाटलं. खरं तर भिंतीला घासणारं मोठं मैदान नापास होतं आणि मोकळी कड असलेलं लहान मैदान पास होतं. चार मीटरच्या बाजूला भिंतीला जाड फोम बांधला, तोही रेषेच्या पूर्ण लांबीभर नाही. फक्त जिथे विंगर जास्त धडकतात त्या शेवटच्या ३० मीटरमध्ये.

काटकोन दोरीनं काढले: तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण चारही कोपऱ्यांत, मग कर्ण मोजून पडताळा. १०० बाय ६४ चा कर्ण ११८.७३ मीटर. दोन कर्णांत पाच सेंटिमीटरचा फरक चालवून घेता येतो. आधीच्या आखणीत तो ७० सेंटिमीटर होता, म्हणजे मैदान आयत नव्हतंच.

रेषांसाठी चुना वापरायचा नाही. पावसात किंवा घामानं ओल्या कातडीवर तो भाजतो, घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर इजा होते. रांगोळीची पांढरी भुकटी मातीवर चांगली बसते. गवत आल्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग.

पाणी

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या नोड्सची जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोनं धारण तलाव बांधले: ओहोटीला झडपा उघडतात आणि पावसाचं पाणी खाडीत जातं, भरतीला झडपा मिटतात आणि पाणी तलावात थांबतं. योजना उत्तम. पण साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असं जुळून आलं की रस्त्याखालची गटारं गळ्यापर्यंत भरतात. तेव्हा मैदानाचं पाणी जाणार कुठे?

पहिल्या पाहणीत प्रशिक्षक कोपऱ्यातल्या गटारापाशी उभे राहून म्हणाले, ‘‘काका, इथे पाणी जात का नाही?’’ शाळेच्या माळीकाकांनी चेंबरकडे बोट दाखवलं. ‘‘सर, जात नाही काय म्हणता, उलट येतंय. भरतीला बघा या.’’ दुसऱ्या दिवशी पाऊस नसताना, दुपारच्या भरतीला, चेंबरमधून काळं पाणी मैदानात चढताना सगळ्यांनी पाहिलं. वीस मिनिटांत गोलपुढचा खळगा भरला. क्लब तीन वर्षं ज्याला पावसाचं पाणी समजत होता, त्यातलं निम्मं पाणी गटाराचं होतं.

हिशेब असा. भिंतींमधली मैदानाची जागा सुमारे ८,२९० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस, जो इथे जुलैत अनेकदा होतो, म्हणजे एका तासात जवळपास ४ लाख १४ हजार लिटर. सेकंदाला ११५ लिटर. चारही भिंतींच्या आतून गटार फिरवायचं तर लांबी ३६४ मीटर. दोन हात करून एकाच कोपऱ्यात सोडले की प्रत्येक हात १८२ मीटरचा आणि त्यावर सेकंदाला ५८ लिटरचा भार. तीस सेंटिमीटर रुंद गटार सुरुवातीला तेवढंच खोल आणि पुढे हळूहळू खोल होत गेलं, तर हे पाणी नेतं.

ठेकेदारानं ४०० ला १ असा उतार धरला. १८२ मीटरला ४५ सेंटिमीटर उतार, म्हणजे शेवटी तळ ७५ सेंटिमीटर खोल. काम सुरू झालं तेव्हा महापालिकेच्या चेंबरचं तोंड किती खोल आहे हे कोणीच मोजलं नव्हतं. ते ६७ सेंटिमीटरवर निघालं. गटाराचा तळ चेंबरच्या तोंडापेक्षा आठ सेंटिमीटर खाली, म्हणजे कायम आठ सेंटिमीटर साचलेलं पाणी आणि डास. सुदैवानं शेवटचे वीस मीटर ओतायचे होते. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसांनी पातळी पुन्हा काढली, ५०० ला १ उतार धरला, खोली ६६ वर आली आणि झालेल्या भागात तळाला काँक्रीटचा पातळ थर देऊन उतार सुधारला. नळी बाजारात कुठेही मिळते. ती आधी लावली असती तर दहा दिवस वाचले असते.

तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली. भरतीला ती मिटते. मिटली की मैदानाचं पाणीही अडतं, हे खरं. पण ते गटारात आणि कडेच्या सहा मीटरमध्ये थांबतं, खेळाच्या जागेत येत नाही. तेवढ्यासाठीच मैदान मधे उंच हवं. झडपेत पान-पिशवी अडकली की ती उघडीच राहते. म्हणून आधी जाळी, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा जाळी साफ. हे काम माळीकाकांच्या नावावर लिहिलं, त्याचे वेगळे पैसे ठरवले. नाहीतर अशी कामं कोणाचीच नसतात.

कणा आणि माती

मध्यभाग कडांपेक्षा ३२ सेंटिमीटर उंच ठेवला: बाजूच्या रेषेपर्यंत ३२ मीटर, मीटरला एक सेंटिमीटर उतार. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो. मधली ही उंच रेघ म्हणजे मैदानाचा कणा. तो गोलरेषेपर्यंत नेत नाहीत. नेला तर गोलच्या मधोमध जमीन खांबांपाशी असते त्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरहून उंच होते आणि आडव्या खांबाची उंची जागोजागी बदलते. तो दोन्ही गोलरेषांच्या आत ३२ मीटरवर थांबवून चारही बाजूंना उतरता केला, जुन्या कौलारू घराच्या छपरासारखा.

खळगे भरण्यासकट सुमारे हजार घनमीटर दाबलेला मुरूम लागला, म्हणजे साडेतीनशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मोकळा मुरूम दाबला की बसतो, तेव्हा चौथा हिस्सा जास्त धरून ४४० ब्रास मागवला. पाच ब्रासची गाडी धरली तर ८८ फेऱ्या. शाळेच्या गेटातून त्या फक्त रात्री आणि सुट्टीत येऊ शकत होत्या. त्यामुळे आठवड्याचं काम पाच आठवडे चाललं.

पहिल्या सहा गाड्यांत मुरमाबरोबर फरशीचे तुकडे, प्लास्टर, एका गाडीत हातभर लांबीची सळई. पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज मुरूम म्हणून खपवणं इथे नेहमीचं आहे. त्या गाड्या परत पाठवल्या आणि पुढे प्रत्येक गाडी ओतल्यावर फावड्यानं तीन ठिकाणी उकरून बघितल्याशिवाय पावतीवर सही नाही, असा नियम केला. मुरूम पंधरा सेंटिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, आठ टनी रोलरनं दाबला.

रोलरनं इथेच थांबायचं असतं. वरच्या दहा सेंटिमीटरच्या मातीवर तो फिरवला की ती वीट होते. गवताची मुळं आत जात नाहीत आणि पाणी वरच राहतं. जुन्या मैदानावर दरवर्षी पावसाळा संपताच, माती ओली असतानाच, ‘सपाट करायला’ रोलर आणला जायचा. मधल्या भागात गवत न टिकण्याचं तेच कारण.

वरच्या थराला तीन भाग जाड वाळू, दोन भाग लाल माती आणि एक भाग नीट कुजलेलं शेणखत, बारा मिलिमीटरच्या चाळणीतून. वाळू खाडीची नको, मीठ असतं. खडीच्या क्रशरची असेल तर धुतलेली, नाहीतर तिची पूड भेगा बुजवते. मैदानाला २२६ ब्रास मिश्रण लागलं, सगळ्यात मोठा खर्च हाच.

गवत हरळीचं. रोपवाटिकेतून आणलेले कांडे १५ सेंटिमीटरवर लावले, जूनमध्ये दोन मोठ्या सरी पडून गेल्यावर. त्याआधी लावले तर वळवाच्या पहिल्या झोडपण्यात वाहून जातात, उशीर केला तर तणाला वाव मिळतो. आठ ते दहा आठवडे पाय ठेवायचा नाही. हे शाळेला समजावणं हरळी लावण्यापेक्षा अवघड गेलं. स्वातंत्र्यदिनाचं संचलन त्या वर्षी बास्केटबॉलच्या काँक्रीटवर झालं.

पावसाळ्यानंतर पाणी रोज पाच मिलिमीटर, म्हणजे ३२ हजार लिटर, दहा हजारी टँकर तीनाहून थोडे जास्त. बोअरचं पाणी खाडीमुळे खारट. नवी मुंबई महापालिका मलनिस्सारण केंद्रांतलं प्रक्रिया केलेलं पाणी उद्यानांना देते; तेच मागण्यासाठी अर्ज केला आणि एक दिवसाआड पाणी द्यायचं ठरलं. हरळी तेवढ्यावर तग धरते. कापणी २५ ते ३० मिलिमीटरवर. एका वेळी पातीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलं की गवत पिवळं पडतं.

गोल

स्थानिक वेल्डरनं बनवलेले गोल बघायला छान होते. माप चुकलं होतं ते एका शब्दानं. ७.३२ मीटर हे दोन खांबांमधलं आतलं अंतर. वेल्डरनं ते बाहेरून बाहेर धरलं. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११.४ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून जवळपास २३. आतलं अंतर ७.०९ मीटर. पाच वर्षं संघ लहान गोलवर सराव करत होता आणि बाहेरच्या मैदानावर गोलकीपरला कोपरे का सापडत नाहीत, यावर चर्चा होत होती.

खांब १२ सेंटिमीटरपेक्षा जाड चालत नाहीत आणि गोलरेषेची रुंदी खांबाच्या जाडीएवढीच हवी. म्हणून त्याच पाइपाचे नवे आडवे खांब घातले आणि गोलरेषा साडेअकरा सेंटिमीटरची आखली. जमिनीत ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये लोखंडी बाही गाडून खांब तीत उभे केले. सुटे गोल पाठीमागून आडव्या पाइपनं किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले हवेत. आडव्या खांबाला लोंबकळणाऱ्या मुलावर मोकळा गोल उलटतो आणि असे अपघात जीवघेणे ठरलेले आहेत. सराव संपला की लहान सुटे गोल भिंतीला साखळीनं बांधायचे, पालथे.

खोल्या, गेट, दिवे

शाळेचे दोन वर्ग संघांना, शिक्षकांची लहान खोली पंचांना. महिला पंच किंवा महिला संघ असेल तर वेगळं स्वच्छतागृह. गेट २.४ मीटर रुंद होतं, ते ३.२ केलं आणि त्याची दुसरी किल्ली सामन्याच्या दिवशी सुरक्षा रक्षकाकडे नव्हे, तर चौथ्या पंचाच्या टेबलावर ठेवायची असं ठरलं. १०८ ला फोन लागतो, गाडी येते, आणि गेटाशी कुलूप असतं. दिवे सध्या नाहीत. सरावाला २०० लक्स एवढा प्रकाश पुरतो, पण शेजारच्या सोसायटीच्या खिडक्यांत प्रकाश जाऊ नये म्हणून खांबांच्या जागा आधीच नकाशावर धरून ठेवल्या आहेत.

तास कोणाचे

गवताला आठवड्याला आठ तास. मागणी पंचवीस तासांची: मोठ्यांचा सराव, मुलांच्या तीन गटांचे दिवस, शाळेचा खेळाचा तास, रविवारचं टेनिस बॉल क्रिकेट. फुटबॉल क्लबचा शत्रू क्रिकेट आहे असं म्हणायची पद्धत आहे, ते खरं नाही. बॉक्सच्या गर्दीत, गोलपुढच्या सात-आठ मीटरमध्ये, रोजचा नेमबाजीचा सराव गवत जास्त मारतो.

मुलांचे दोन दिवस भाड्याच्या छोट्या टर्फवर नेले. तासाचं भाडं मुलांच्या फीतून सुटतं, पण जेमतेम. मैदानावर सरावाची दिशा दर आठवड्याला फिरवतात: एक आठवडा लांबीत, एक रुंदीत, सुटे लहान गोल लावून. खऱ्या गोलपुढे सराव फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी. महिन्यातून एकदा काट्यांनी दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून वर वाळू. शाळेचा खेळाचा तास जिथे होता तिथेच आहे. जागा त्यांची आहे.

कागद

भारतीय फुटबॉल महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीत पाच विभाग आहेत: खेळ, सुविधा, कर्मचारी, कायदेशीर बाबी आणि आर्थिक बाबी. मैदान स्वतःचं नसलं तरी चालतं, लेखी करार मात्र लागतो. हा क्लब सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे, त्यामुळे करार करणारी कायदेशीर संस्था कोण, हा प्रश्न सुटतो. कित्येक क्लबांत मैदानाचं पत्र सचिवाच्या वैयक्तिक नावावर असतं; सचिव बदलला की मैदान गेलं.

अकरा महिन्यांऐवजी पाच वर्षांचा नोंदणीकृत वापर करार मागितला. शाळेची भीती रास्त होती: भाडेपट्ट्यावरच्या जमिनीत दुसऱ्याला हक्क निर्माण व्हायला नकोत. तोडगा असा की जमिनीवर क्लबचा कोणताही हक्क नाही, ठरलेल्या तासांचा वापर तेवढा आहे. माती, गवत आणि गटाराची देखभाल क्लबची, आणि त्याच्या बदल्यात शाळेच्या मुलांना दोन दिवस मोफत प्रशिक्षण. सिडकोच्या अटींशी तो मसुदा पडताळून घ्यायला चार महिने लागले.

खरा वाद झाला तो मांडवावरून. दरवर्षी नवरात्रात आणि एखाद्या लग्नात मैदानात मांडव पडतो. शाळेचं उत्पन्न आहे ते, बंद होणार नाही. बांबूसाठी दीड फूट खोल खड्डे खणतात आणि नंतर त्यात सैल माती लोटतात. महिनाभरात ती बसते आणि धावणाऱ्याचा घोटा तिथेच मुरगळतो. मांडव उतरल्यावर पेनल्टी बॉक्समध्ये हाताच्या चुंबकानं एकदा फिरून बघितलं, तर अर्धी बादली खिळे निघाले. करारात आता कलम आहे: खेळाच्या जागेत खणायचं नाही, बांबू वाळूनं भरलेल्या डब्यांत उभे करायचे, खाली जुन्या गालिच्याऐवजी प्लायच्या फळ्या अंथरायच्या, आणि उतरवल्यावर ठेकेदाराच्या माणसासमोर चुंबक फिरवायचा. अनामत रक्कम चुंबक रिकामा आल्यावरच परत.

पुढच्या पाहणीची तारीख ऑक्टोबरात. तिच्या आदल्या आठवड्यात गोलांची उंची मोजली, तर २.४४ मीटरच्या जागी २.४१ आली. आडवा खांब जागच्या जागीच होता. दर महिन्याला टाकलेल्या वाळूनं गोलखालची जमीन तीन सेंटिमीटर वर आली होती. माळीकाकांनी दोन्ही गोलांखालचं गवत चौकोनी तुकड्यांत कापून बाजूला ठेवलं, खालची तीन सेंटिमीटर माती काढली, तुकडे परत बसवून पाणी मारलं, आणि टेप पुन्हा लावली.